आधी मोरी दाखवा

साहेब गेल्याचा निरोप धुळ्याहून आला तेव्हा मी जेवत होतो. निरोप ऐकून घेतला, ताटातली भाकरी संपवली आणि म्हणालो, "बरं झालं." बायको वाढता वाढता थबकली. ज्यांच्या हाताखाली मी ड्राफ्ट्समन म्हणून घडलो त्यांच्याबद्दल असं बोलावं, हे तिला पटण्यासारखं नव्हतंच. मी तिला म्हटलं, माझा राग अजून फिटलेला नाही, आणि ज्याच्यावर तो काढायचा तो माणूस मधेच उठून गेला. काम मधेच टाकून उठून जाणं ही त्यांची जुनी खोड होती.

त्यांचं नाव सांगून उपयोग नाही. जळगावात ते कुणाला माहीतच नव्हतं. सगळे त्यांना 'मोरीवाले साहेब' म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्माने मिळवलेलं होतं. कुणाच्याही घरी गेले तरी हा माणूस आधी बैठकीत बसत नसे. चपला काढायच्या, "मोरी कुठे?" असं विचारायचं आणि सरळ मागच्या दाराला जायचं. तिथे उकिडवं बसून पाणी कुठे जातं, कुठे तुंबतं हे बघायचं. मग पुढे येऊन चहा घ्यायचा. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. मुलगी येऊन पाटावर बसली तरी हे मागच्या अंगणातच. परत आले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "मुलगी उत्तम आहे. मोरीचा उतार मात्र घराच्या पायाकडे आहे, तो आधी फिरवून घ्या." सोयरीक मोडली. पुतण्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं. साहेबांना त्याचं काही नव्हतं. त्यांना शेवटपर्यंत एकच काळजी होती, की त्या गृहस्थाने उतार फिरवला की नाही.

त्यांचं काम नेमकं काय, हे लोकांना कधी कळलं नाही. इंजिनियर म्हटला की तो यंत्र बसवतो, इंजिन दुरुस्त करतो, एवढं लोकांना ठाऊक. साहेब त्याच्या कितीतरी आधीचे. जागा नुसती पडलेली असते, यंत्रं कुठली घ्यायची हेसुद्धा ठरलेलं नसतं, तेव्हा कारखाना मुळात कसा असावा हे ते ठरवायचे. काय आत येतं, त्याचं काय काय होतं, काय बाहेर जातं, आणि काय उरतं. या चार गोष्टी सुटल्याशिवाय ते मला कागदावर रेघ ओढू देत नसत. मुंबईकडच्या मोठ्या कारखान्यांत हे काम त्यांनी केलं होतं. तिथल्या कुणाशी तरी भांडून ते धुळ्याला आपल्या गावी परतले, आणि आमच्या आबांनी त्यांना जळगावला आणलं.

आबा म्हणजे आमच्या कंपनीचे अध्यक्ष. त्यांची जिनिंग फॅक्टरी वडिलांच्या वेळेपासून चालू होती. नवीन स्वराज्य होतं. ज्याच्याकडे चार गाठी कापूस तोही कारखान्याच्या गोष्टी करत होता. कपाशीतून निघालेली सरकी बाहेर जाते आणि तिचं तेल काढून दुसरेच गबर होतात, हे आबांना खुपत होतं. सरकीचं तेल काढायचं, तेही काळं नाही तर शुद्ध केलेलं, पांढरंस्वच्छ, असा त्यांचा बेत होता. बेत चांगला होता. त्याबद्दल माझं आजही काही म्हणणं नाही.

मी मूळचा पहूरचा. धुळ्याला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढत होतो, ती नोकरी सोडून मी या कंपनीत आलो, कारण मला गटारं आणि चौक्या काढून कंटाळा आला होता. इथे येऊन काय झालं, तर साहेबांनी मला महिनोन्‌महिने काहीच काढू दिलं नाही. माझ्या बोर्डावर कोरा कागद चिकटवलेला असायचा. साहेब समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायचे आणि टरफलं टेबलावर मांडायचे. ही टाकी, हा घाणा, ही गाळणी. मग हाताने सगळं विस्कटून टाकायचे. मी पेन्सिल घेतली की म्हणायचे, "अहो, रेघ ओढली की माणूस तिच्या प्रेमात पडतो. थोडं थांबा." मी थांबायचो. हात शिवशिवायचे. आबांचा दिवाणजी येऊन विचारायचा, नकाशा कुठवर आला, आणि मी टरफलांकडे बोट दाखवायचो. त्या दिवसांत या माणसाचा गळा धरावा असं मला अनेकदा वाटलं.

कंपनीने जागा घेतली होती ती धुळ्याच्या रस्त्याला, रेल्वेला लागून. साहेब यायच्या आधीच तिथे एक काम पूर्ण झालं होतं. कमान. रिकाम्या शेतात दगडी कमान, दोन्ही बाजूंना सिंह, वर आबांच्या वडिलांचं नाव कोरलेलं. आत काळी ढेकळं आणि बाभळी. आबांनी मुहूर्त काढून, पाहुणे बोलावून, मोठ्या थाटात ती उभी केली होती. ते साहेबांना घेऊन गेले आणि कमानीकडे बघत उभे राहिले. आता हा माणूस काहीतरी चांगलं बोलेल, अशी त्यांची अपेक्षा होती. साहेब कमानीखालून आत गेले, चहूबाजूंनी फिरले, एक ढेकूळ उचलून खाली टाकलं, आणि विचारलं, "मोरी कुठे?"

आबा हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मग एके सकाळी साहेबांनी फक्कीची पोती मागवली. घरासमोर रांगोळी काढावी तसा त्यांनी त्या शेतात अख्खा कारखाना जमिनीवर काढला, खऱ्या मापाने. इथे सरकी उतरवायची, इथे साफ करायची, इथे तिची साल निघायची, इथे घाणे, इथे काळं तेल साठवायचं. मग त्या तेलात कॉस्टिक सोडा घालून घुसळायचं, साबणासारखा गाळ खाली बसला की वरचं तेल पाण्याने धुवायचं. पांढऱ्या रेघांचं हे घर बघायला साऱ्या संचालकांना बोलावणं गेलं. ते आले धोतरं सावरत, डोक्यावर छत्र्या धरून. साहेब म्हणाले, "मंडळी, आता तुम्ही सरकी. चला."

आणि ती मंडळी चालली. आबा सगळ्यात पुढे. साहेब बरोबर चालत सांगत होते, "इथे तुमची साल काढली. इथे तुम्हाला दाबलं. तुमची ढेप तिकडे गेली, गुरांना. तुम्ही ढेप," असं म्हणून दोघातिघांना त्यांनी बाजूला काढलं. ते ढेप झाले आणि बाभळीखाली जाऊन बसले. आबा तेल झाले. आबा धुतले गेले, आबा गाळले गेले आणि शेवटी स्वच्छ तेल होऊन कमानीजवळच्या खुर्चीवर बसले. त्यांना चहा मिळाला. आबा इतके खूश झाले, की पुढे कुठल्याही लग्नात ते ही गोष्ट सांगायचे, मी सरकी झालो होतो म्हणून.

मी मात्र त्या फक्कीच्या चौकोनात उभा होतो, जिथे तेल धुतलं जातं तिथे. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही घाण पाणी. चला."

मी चालायला लागलो. रेघ संपली तिथे थांबलो.

"थांबा म्हटलं का मी? पाणी थांबतं का?"

मी उताराने चालत कमानीपर्यंत गेलो, कारण त्या जमिनीतला सगळ्यात खालचा भाग तोच होता. मागे बघितलं, तर साहेब हातानेच पुढे जा म्हणत होते. संचालक हसत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन मुलांचा बाप मी, सरकारी नोकरी सोडून आलेला, आणि हा माणूस चारचौघांत मला घाण पाणी म्हणतो. ठीक आहे, म्हटलं, जातोच. कमानीबाहेर नाला होता, त्या नाल्यात उतरलो आणि चालत सुटलो. परत म्हणून येणार नाही असं ठरवूनच चाललो होतो. रागाच्या भरात माणूस किती चालतो हे त्याला कळत नाही. ऊन चढलं. नाल्याला वळण आलं, पुन्हा वळण आलं, आणि समोर वाळूत बायका पाणी भरताना दिसल्या. त्यांत माझी बहीण होती.

अक्का माझ्याहून मोठी. तिचं सासर त्या नाल्याच्या काठी आहे हे मला माहीत होतं, पण मी नेहमी गाडीरस्त्याने जायचो, पार दुसऱ्या बाजूने. नाला तिकडेच जातो हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या गावाला विहीर होती ती खारट. पिण्याचं पाणी झिऱ्याचं. नाल्याच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, त्यात पाणी झिरपून येतं, ते वाटीने भरून घ्यायचं. बारमाही गोड पाणी. अख्खं गाव त्यावर जगत होतं.

"काय रे भाऊ, भर दुपारना पायी कसा उना?" अक्काने विचारलं.

मी म्हणालो, "अक्का, मी आज घान पानी शे."

"येडा व्हयना का तू?" असं म्हणून तिने वाटी बुडवली आणि माझ्यापुढे धरली. मी प्यायलो. पिता पिताच माझ्या ध्यानात आलं, की साहेबांनी मला कुठे पाठवलं होतं.

मी परत गेलो तो भांडायलाच. "माझी बहीण तिथे राहते हे तुम्हाला माहीत होतं?" साहेब टरफलं मांडत होते. म्हणाले, "मला काय माहीत? पाण्याला अक्कल नसते, उतार असतो. ते कुणाच्या दारात जातं हे बघायला माणूस पाठवावा लागतो. आता काढा रेघ." त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा पेन्सिल उचलू दिली. आणि आम्ही पहिल्यांदा काढली ती घाण पाण्याची तळी. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, निवत निवत जाणारं पाणी. ती कुठे, तर सगळ्यात खालच्या जागी. म्हणजे नेमकी कमानीच्या जागी.

त्यावरून जे झालं ते आजही आठवलं की कपाळाची शीर ठणकते. आबा नकाशाकडे बघून लाल झाले. "साहेब, आगगाडीतून जाणाऱ्या माणसाला माझ्या वडिलांच्या नावाखाली काय दिसावं? साबणाचा गाळ?" त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, बापाच्या नावाचा प्रश्न होता. पण आबा चतुर माणूस. दुसऱ्या दिवशी स्वतःच तोडगा घेऊन आले. कमान राहू द्या. मागच्या बाजूला, उंचावर, एक तळं बांधू. पंप लावून पाणी वर चढवू. एक तर एक.

साहेब म्हणाले, "नाही."

"पंप चांगला घेऊ."

"पंप बंद पडतो. उतार बंद पडत नाही. तीन तळी खाली, नाहीतर नकाशावरून माझं नाव काढा."

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि हात जोडले. खरोखर जोडले. म्हटलं, साहेब, एक तळं तर घ्या. पंप दिवसातून दोन तास चालला तरी तेवढं पाणी तरी अडेल. पुढचं पुढे बघू, मी आहे ना इथे. ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांना चोरीच करायला सांगितली होती. "अर्धी मोरी म्हणजे काय माहीत आहे? घरात तुंबलेलं पाणी." एवढं बोलून त्यांनी छत्री घेतली, आणि संध्याकाळच्या मोटारीने धुळ्याला निघून गेले. शेंगांची पिशवी तशीच टेबलावर.

तेव्हापासून मी त्यांच्यावर रागावलेलो आहे. बरोबर असण्याची एवढी हौस कशाला? त्यांचं म्हणणं बरोबर होतं, मान्य. पण त्यांचं बरोबर असणं ते पेटीत घालून घरी घेऊन गेले आणि नाला आमच्याकडे ठेवून गेले. त्यांच्या जागी आबांनी एक इंजिनियर आणला. त्याने आठवड्यात सगळे नकाशे माझ्याकडून काढून घेतले. त्यात मागचं तळंही नव्हतं. भांडायला कुणी उरलंच नव्हतं, मग आबांनी तरी ते का बांधावं? कारखाना उभा राहिला. चिमणी गाडीतून लांबवरून दिसायची. कमानीला विजेचे दिवे लागले. आणि कमानीशेजारून एक उघडी नाली काढली गेली, ती नाल्यात सोडली.

पहिल्या हंगामातच अक्काकडून सांगावा आला. मी गेलो. वाळूवर फेसाचे पुंजके वाळून चिकटले होते. झिऱ्यात हात घातला तर बोटं एकमेकांवरून घसरत होती.

"पानी बुळबुळं लागस, भाऊ. पोरसनं पोट दुखस. बठ्ठ्या बाया आते टेकडीना पलीकडे जातस पानीले."

अक्का तेव्हा पन्नाशीकडे झुकलेली, गुडघे धरलेले. ती पहाटे निघायची आणि ऊन तापल्यावर डोईवर हंडा घेऊन परत यायची. टेकडीपलीकडच्या मळ्यात विहीर होती, मळेवाला एका घराला एक हंडा भरू द्यायचा. तो हंडा फक्त पिण्याला. बाकी सगळं त्या बुळबुळ्या पाण्यावर.

मी बाटलीत ते पाणी भरलं आणि तडक धुळ्याला गेलो. साहेब घरी होते. बाटली त्यांच्यासमोर आदळली. म्हटलं, घ्या, तुमची तीन तळी. त्यांनी बूच काढलं, वास घेतला, थेंब बोटावर चोळला आणि म्हणाले, "कॉस्टिक फार घालतायत. घुसळतायतही फार. चांगल्या तेलाचाच साबण होऊन वाहून जातोय."

मी ओरडलो. आयुष्यात त्यांच्यावर आवाज चढवला तो तेवढाच. "माझी बहीण डोंगर ओलांडून पाणी आणते आणि तुम्ही आबांच्या तेलाची काळजी करताय?"

त्यांनी बाटलीला परत बूच लावलं. मग म्हणाले, "तेल कमी येतंय म्हणून आबांचं बोलावणं आलंय मला. मी नाही म्हणून कळवणार होतो. आता येतो."

ते आले, पण अट घालून. तेल कुठे जातं ते मी शोधून देतो, पण आधी तुम्ही माझ्याबरोबर चालायचं. आबांना मजाच वाटली. "मागच्या वेळी तेल झालो होतो, आता काय करता?" साहेब म्हणाले, "आता पाणी व्हा." मला त्यांची युक्ती कळली. समोर बसवून भाषण देण्यापेक्षा हे बरं होतं. आबा निर्दय माणूस नव्हता. त्यांनी ते पाणी एकदा तोंडात घेतलं असतं तर कमानीखाली नाही, तरी कुठेतरी तळी झाली असती. याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. म्हणून मी आदल्या दिवशी अक्काला सांगून आलो होतो. आबा येतील. त्यांना झिऱ्याचंच पाणी द्यायचं. मळ्याचं द्यायचं नाही. अक्का हो म्हणाली. दोनदा सांगितलं, दोनदा हो म्हणाली.

आम्ही नाल्याने चाललो. फेस होता, वास होता. आबा नाकाला उपरणं लावून म्हणाले, "नाला आहे, घाण असायचीच." ऊन मी म्हणत होतं. आबांना चालायची सवय राहिलेली नव्हती. झिऱ्यापाशी पोहोचेपर्यंत ते घामाने निथळत होते आणि त्यांना फक्त सावली हवी होती. अक्काचं घर काठावरच. ती दारात उभीच होती. घोंगडी अंथरलेली. आबा टेकले, आणि अक्काने आतून तांब्या आणला. घासून लखलखीत केलेला.

मी त्या पाण्याकडे बघितलं. तळ दिसत होता.

आबा घटाघटा प्यायले. सगळा तांब्या संपवला. मिशी पुसून म्हणाले, "पाणी तर गोड आहे की, साहेब."

मी म्हणालो, "आबा, हे टेकडीपलीकडचं आहे."

आबांनी हसून अक्कालाच विचारलं, "काय अक्का, तुमच्या गावाचं पाणी कसं आहे?"

घरात बसलेल्या पाहुण्याला आपल्या घरचं पाणी वाईट आहे असं आमच्या भागातली बाई सांगेल, अशी आशा मी त्या क्षणीही करत होतो. अक्काने पदर सावरला आणि म्हणाली, "चांगलं शे, आबा. तुम्ही उनात, आम्हले भू बरं वाटनं."

मी झिऱ्याकडे चला म्हणून आबांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. गाडीरस्त्याने त्यांची जीप येऊन उभी होती. "भाऊ, बहिणीच्या गावासाठी तुझा जीव तुटतो, मला कळतं. पण उगाच कारखान्याला नावं ठेवू नये," असं म्हणून ते उठले. अक्काला नमस्कार केला, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले.

साहेब एकटेच बसून राहिले. अक्काने दुसरा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्यात वाकून बघितलं, आणि म्हणाले, "बाई, मला झिऱ्याचं द्या."

"ते पानी मन्हा घरमां पाव्हनाले देतस नही."

"मग हे किती लांबून आणलंत?"

अक्काने टेकडीकडे हात केला. ते उठले, तांब्या दोन्ही हातांनी उचलून आत गेले, पाण्याच्या मडक्यावरचं झाकण काढलं आणि ते पाणी हळूहळू, थेंब न सांडता, मडक्यात परत ओतलं. मग रिकामा तांब्या उपडा ठेवून बाहेर आले. तेवढ्या उन्हात एक घोटही न घेता.

मी अक्काकडे बघितलं. तिचा चेहरा कुणी मुस्काटात मारल्यासारखा झाला होता. एक परका माणूस तिच्या घरात शिरला होता, तिच्या मडक्याला हात लावला होता आणि तिने दिलेलं पाणी नाकारून परत ओतून गेला होता. आमच्याकडे याचा एकच अर्थ होतो, या घरचं पाणी मला चालत नाही. मी तिला समजावून सांगायला तोंड उघडलं, पण साहेब तोवर नाल्यात उतरून चालायलाही लागले होते. वाटेत ते फक्त एकदा बोलले. "पाहुणा," म्हणाले. "हे मी हिशेबात धरलंच नव्हतं."

आणि मग त्यांनी दिलेला शब्द पाळला. हे माझ्या रागाचं सगळ्यात मोठं कारण. कॉस्टिक किती घालायचं, किती वेळ घुसळायचं हे त्यांनी ठरवून दिलं आणि आबांचं तेल वाढलं. मी म्हटलं होतं, आबांनी काही केलं नाही, मग तुम्ही तरी का करता? तर म्हणे, "ते चालले ना." चालले. चालले आणि गोड पाणी पिऊन परत गेले. मी त्याच महिन्यात ती नोकरी सोडली. साहेब धुळ्याला परतले आणि पुन्हा जळगावला आले नाहीत.

अक्काला मी नंतर विचारलं. रागाने विचारलं, ओरडूनच. ती जात्याजवळ बसली होती. म्हणाली, "मन्हा हातच उचलना नही, भाऊ. घरमां येल मानूसले घान पानी कसं देऊ?"

दरवर्षी भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो. साहेब गेले त्या वर्षीही गेलो होतो, आणि तिला सांगितलं. ओवाळून झाल्यावर ती तबक खाली ठेवत म्हणाली, "आबा मातर चांगला मानूस व्हता. मन्हा घरनं पानी पिना. तुन्हा साहेबनी तांब्या परत करी दिन्हा." इतक्या वर्षांत मी तिला शंभरदा सांगून बघितलंय, की अगं, तुझ्या त्या पाण्याची किंमत त्या एकाच माणसाला कळली होती. तिला ते पटत नाही. गावातही कुणाला पटत नाही. तिथे आजही आबांचं नाव आदराने निघतं.

मग अक्का तांब्या भरून माझ्यापुढे ठेवते. ते कुठलं, हे मी विचारत नाही. पितो.